डब्यामागचा लाल ठिपका

कमळाकर घरत दिसायला होता एवढासा, पण पनवेलपासून कोन गावापर्यंतच्या निम्म्या बंगल्यांचे हॉल त्याच्या हाताखालून गेले होते. त्या वर्षांत जमिनींना भाव आला, बंगले उठले, आणि बंगला उठला की छातीपर्यंत पोचणारे दोन टॉवर स्पीकर आणि ढोलाचा ठोका देणारा एक सबवूफर आणायचाच, अशी जणू रीत पडली. आणायचं सगळ्यांना कळे. जोडायचं कुणाला कळत नसे. वायरी खुपसून झाल्या की आठ दिवसांनी टपाल नाक्याजवळच्या कमळाकरच्या गाळ्यात फोन वाजे. "वाजतंय ओ, पण मजा नाय."

कमळाकर जाई आणि आधी विचारी, या घरात गाणी ऐकायला कोण बसतं आणि कुठं बसतं. मग त्या माणसाला त्याच जागी बसवून आपण सबवूफरच्या मागे, भिंतीच्या सांदीत, उकिडवा शिरे. त्या काळ्या डब्याच्या पाठीला एक छोटा खटका असतो. तो बरोबर बाजूला असला की टॉवर आणि सबवूफर एकदम धक्का देतात. चुकीच्या बाजूला असला की एक ढकलतो तेव्हा दुसरा ओढतो, आणि ढोलातला सगळा जीव जातो. ओली चादर दोघांनी मिळून झटकावी तसं आहे हे. एकाचा हात वर आणि दुसऱ्याचा खाली गेला तर चादर नुसती लोळते. बरोबर बाजू कुठली, ते खोलीवर अवलंबून. ते कळतं समोर बसलेल्याला, डब्यामागच्याला नाही. म्हणून कमळाकर मागून खटका पाडी आणि ओरडून विचारी, "आता?" पुन्हा पाडी. "आणि आता?"

समोरच्यानं "हां" म्हटलं की संपलं. मग तो खिशातून मैनाची, म्हणजे बायकोची, नेलपॉलिशची बाटली काढी आणि खटक्याच्या त्या बाजूला एक लाल ठिपका लावी. झाडलोट करताना कुणाचा हात लागला तरी ठिपका बघून परत जागेवर आणता यावं म्हणून. मैनाच्या बाटल्या भराभर संपत, नखं मात्र कायम कोरी. "माझी हौस लोकांच्या डब्यांना," असं ती शेजारणींना सांगे आणि वर स्वतःच हसे.

एका बाबतीत मात्र तो हटवादी होता. जो बसणार त्याचाच शब्द शेवटचा. बेलपाड्याला गोदूबाई नावाच्या म्हातारीच्या घरी तिच्या मुलांना छातीत धडधड हवी होती. पण दुपारभर त्या खुर्चीत बसायची गोदूबाई, आणि तिला आवाज सोसत नव्हता. कमळाकरनं तिला विचारून तिच्यापुरता लावून दिला. मुलं भांडली. "बसनार ती हाय," तो म्हणाला, "मी कोन सांगनारा?" आणि पिशवी उचलून निघाला.

दोन हजार सहाच्या दिवाळीआधी त्यानं स्वतःच्या घरी, कोनला, तसाच सेट आणला. लोकांना जोडून देता देता आपल्याही घरात एक असावा, एवढीच त्याची आयुष्यातली चैन. दिवसभर वायरी ओढून संध्याकाळी त्यानं मैनाला कोचाच्या डाव्या टोकाला बसवलं, कारण ती नेहमी तिथं बसे. धाकट्या भावाच्या हळदीत वाजवलेल्या बँजो पार्टीची सीडी लावली आणि आपण डब्यामागे शिरला. मैनाची भाकरी तव्यावर होती. "आता?" "आणि आता?" तिला दोन्ही सारखंच वाटत होतं, खरं तर तिचं लक्षच नव्हतं. भाकरीचा करपट वास आला तशी ती उठता उठता म्हणाली, "हां अवो, हां, आता!"

"नीट आयकलंस ना?"

"आयकलं की! नक्की!"

त्यानं ठिपका लावला.

पुढची नऊ वर्षं तो सेट तसाच वाजला. कुणी पाहुणा म्हणे, "घरत, लोकांकडं भूकंप करतोस आनि तुज्या घरी ढोल सर्दी झाल्यासारका?" कमळाकर म्हणे, "आमच्या मैनेला असाच बरा वाटतो." मैनाला वाटे, चेष्टा चाललीय. आणि दर दिवाळीला जळमटं काढताना तो डब्याशी थांबून हळूच विचारी, "मैने, बसतेस का धा मिनिटं? परत एकदा बगू." दर दिवाळीला मैनाचे हात कशात ना कशात असत. कधी पिठात, कधी रंगात, कधी तेलात. "हाय ते चांगलं हाय. राहू द्या ना तसंच." तो बरं म्हणे आणि फडकं मारून पुढं जाई.

दोन हजार सोळाच्या एप्रिलमध्ये कमळाकर गाळ्यातच, हातात पकड धरून बसलेला असताना गेला. वय चोपन्न. मैनाकडं त्याचं उरलं काय, तर चष्मा, पकड आणि तो ठिपका. कपडे वाटून टाकले, चष्मा कपाटात ठेवला, पण सबवूफरच्या मागं तिनं कुणाला फिरकू दिलं नाही. त्याच्या हातचं सेटिंग आहे, ते हललं की माणूस दुसऱ्यांदा गेला, असं ती स्पष्ट बोलून दाखवी. मुलगा हितेश समजूतदार. तो गाणी लावायचा, पण बटणांना हात लावत नसे.

बाप गेला की लग्न वर्षाच्या आत उरकायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं. हितेशचं ठरलेलं होतं, म्हणून तारीख फेब्रुवारीत धरली आणि जानेवारीत घराला रंग काढला. मैनानं खटक्यावर चिकटपट्टी लावून ठेवली, रंगाऱ्यांना दहादा बजावलं. खटका हलला नाही, पण वायरी सगळ्या सुटल्या. जोडायला उदयसिंहला बोलवावं लागलं. कमळाकरकडंच शिकलेला, आता पनवेलला स्वतःचं दुकान असलेला, चाळिशीचा माणूस. हातात चहा घेण्याआधी त्याची नजर भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोकडं गेली आणि त्यानं हात जोडले.

त्यानं वायरी जोडल्या, डबा होता तिथंच ठेवला. चिकटपट्टी काढून ठिपक्यावरच्या खटक्याला धक्का न लावता तीच हळदीची सीडी लावली. ढोल बसका वाजला तसं कपाळाला आठी घालून त्यानं वायरी पुन्हा तपासल्या. लाल लालला, काळी काळीला. सगळं ठीक.

"वहिनी, एक मिनिट खटका फिरवून बघू का? परत जागेवर आणतो, शब्द देतो."

 त्यानं शब्द दिला होता म्हणून मैना कोचाच्या डाव्या टोकाला जाऊन बसली.

उदयसिंहनं खटका पाडला. शोकेसमधले पेले किणकिणले. ढोल फरशीतून आला, कोचाच्या लाकडातून आला, मैनाच्या पाठीत शिरला. दिराच्या हळदीतला मांडव, धुरळा, मध्ये नाचणारा पस्तिशीतला कमळाकर, सगळं तिच्या अंगावर आलं. तिनं कोचाची कड घट्ट धरली.

उदयसिंह मागून डोकं काढून हसला. "ठिपका उलट्या बाजूला लागलाय, वहिनी. चुकून."

"ते चुकायचे नाय," मैना फाडकन म्हणाली.

"तेच म्हणतो मी. दादा रोज इथं बसून ऐकायचे. त्यांना पहिल्या दिवशीच कळलं असणार. दोन सेकंदांचं काम होतं, मग का नाही फिरवला?"

त्याचं उत्तर त्या घरात मैनाला एकटीलाच ठाऊक होतं. करपलेली भाकरी तिला आठवली. नीट आयकलंस ना, हा प्रश्न आठवला. मग नऊ दिवाळ्या एकामागून एक आठवल्या, आणि प्रत्येक दिवाळीला फडकं हातात घेऊन उभा राहिलेला तो. जगाच्या घरी ढोल वाजवून दिला आणि आपल्या घरी बायकोच्या एका शब्दाखातर सर्दीचा ढोल ऐकत बसला. तिचा शब्द तिच्या पाठीमागं बदलावा, असं त्याच्या मनात कधी आलं नसेल. त्याला हवी होती फक्त तिची दहा मिनिटं. मैनाला रडू आवरलं नाही, आणि तिनं ते आवरायचा प्रयत्नही केला नाही.

उदयसिंह गडबडला. "मी परत ठिपक्यावर करतो, वहिनी. दादांचं आहे तसं राहू द्या."

"नको," ती म्हणाली. पदरानं डोळे पुसून नीट सरळ बसली. "तू मागं बस. दोनी बाजूंनी वाजव. मी आयकते."

स्वयंपाकघरात कुकरनं शिट्टी दिली, पाठोपाठ दुसरी. मैना जागची हलली नाही. उदयसिंह भिंतीच्या सांदीत उकिडवा बसला. डब्याच्या वर त्याचे फक्त केस दिसत होते. त्यानं खटका ठिपक्याकडं पाडला आणि ढोल मेला. त्यानं दुसरीकडं पाडला आणि ढोल आला. तिनं पुन्हा करायला लावलं, पुन्हा लावलं. गाणं संपलं तर पहिल्यापासून लावायला सांगितलं. शेवटी ढोल पुरा भरून वाजत असताना मागून हाक आली, "आता?"

"हां अवो," मैना म्हणाली, "आता."

उदयसिंह बराच वेळ डब्यामागून उठला नाही.