पळसतांड्यातला तांबोवचा निवाडा

वर्तमानपत्राला हात लावण्याआधी लखीराम आडे उजव्या हाताची तर्जनी धोतराच्या सोग्याला पुसून घेत असे. दोनदा. एकदा बोटाचं पोट, एकदा कड. मग कडुलिंबाखालच्या दगडावर बसून ओळीखालून बोट सरकवत तो वाचायला लागे. आधी छापलं असेल तसं मराठीत, आणि वाक्य संपलं की तेच बंजाऱ्यांच्या गोरबोलीत. दारव्ह्यापासून चार कोसांवरच्या पळसतांड्यात तेव्हा, म्हणजे १९५७ साली, वाचता येणारा तो एकटाच होता.

अक्षरं तो दारव्ह्याच्या जिनात, कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, शिकला. कापसाच्या गाठी उचलता उचलता त्यांच्यावर मारलेले शिक्के त्याने ओळखून घेतले, आणि शिक्क्यांवरून पुढे अंकलिपी. आईबाप लहानपणीच गेलेले, जमीन दीड एकर, तीही मुरमाड. तांड्याच्या पंचायतीत, म्हणजे नसाबात, त्याच्या घराला बसायला जागा नव्हती. लोक मागे उभं राहायला सांगत. तो वाचायला लागला आणि तांड्याच्या प्रमुखाने, नाईक गुलाबसिंगने, एक दिवस स्वतःच्या शेजारची घोंगडी सरकवून दिली. त्या हातभर घोंगडीची किंमत लखीरामला पुरती ठाऊक होती.

वर्तमानपत्र दारव्ह्याच्या कास्तकार-मजूर मंडळाकडून येई, दोन दिवसांचं शिळं. मंडळाचे चिटणीस सदाशिवराव स्वतः वीस एकरांचे कास्तकार होते, पण मजुरांच्या बाजूने उभे राहिल्यामुळे भावकीने त्यांच्याशी जेवणंखाणं तोडलं होतं. लखीरामवर त्यांचा जीव होता. तांड्यातांड्यांत गोरबोलीतून बोलणारा असा माणूस त्यांना दुसरा मिळाला नसता.

अठ्ठावन्नच्या नोव्हेंबरात, कापूस वेचणीला आला असताना, सदाशिवरावांनी वर्तमानपत्रासोबत एक हिंदी पुस्तिका पाठवली. रशियातल्या क्रांतीची हकीकत. लखीराम सकाळी थोडी थोडी वाचून दाखवू लागला. राजा गेला, जमीन कसणाऱ्यांना मिळाली, हे ऐकून तांडा खूश होता. चौथ्या दिवशी एक परिच्छेद आला. क्रांतीनंतर देशात आपसांत लढाई जुंपली असताना तांबोव नावाच्या मुलखात डाकूंच्या टोळ्यांनी सरकारी धान्य अडवलं, जंगलात ठाण मांडलं, आणि लाल फौजेने त्यांचा बंदोबस्त केला. एवढंच. लखीरामने ते गोरबोलीत सांगितलं आणि पुढच्या ओळीवर बोट ठेवलं.

"थांब रे लखिया," सुखीबाई म्हणाली. तांड्यातली सगळ्यांत म्हातारी बाई. सगळे तिला याडी, म्हणजे आई, म्हणत. "डाकू म्हणते ते कोण म्हणते?"

"पुस्तक म्हणते, याडी."

"पुस्तक कोणाचं?"

"त्यायच्याच सरकारचं."

"हं. आमच्या घरच्या माणसाले बी सरकारच डाकू म्हणे. जवान होता तवा रोज ठाण्यात अंगठा देऊन ये. कायले, तं गोरमाटी, बंजारा हाये म्हणून. बारा वर्सं अंगठा देल्ला त्यानं. चोरी केली असन तं फक्त माह्या वाट्याच्या भाकरीची." बायका हसल्या. सुखीबाई हसली नाही. "त्या तांबोववाल्यायची बाजू कोन्त्या पानावर हाये?"

लखीरामने पानं चाळली. कुठल्याच पानावर नव्हती.

नसाबाचा एक नियम पळसतांडा पिढ्यान् पिढ्या पाळत आला होता. भांडणात ज्याने एकाची बाजू चारचौघांत मांडली, त्यानेच दुसऱ्याचीही आणून मांडायची. तोवर त्याने तांड्यापुढे तोंड उघडायचं नाही. बैल, बांध, काडीमोड, सगळ्याला हाच नियम. सुखीबाईने नाईकाकडे पाहिलं. लखीरामला वाटलं, म्हातारी थट्टा करते आहे.

"याडी, ते लोक हजारो कोसांवर हायेत. चाळीस वर्सं झाले त्या गोष्टीले. मरून गेले सारे."

"मंग? आमी गेलतो का त्यायले आणाले? तूच आणलं ना इथं?"

गुलाबसिंग नाईकाने विडी दगडावर विझवली. "मेलेल्याले बी बाजू असते, लखीराम," तो म्हणाला. "आणशील तवा वाच."

लखीराम तिथेच हसून मोकळा झाला असता, तर गोष्ट तिथेच मिटली असती. त्याने पुस्तिका मिटली, खिशात घातली आणि घोंगडीवरून उठून मागे जाऊन उभा राहिला.

दारव्ह्यात ही बातमी रविवारच्या बाजाराआधी पोचली. पळसतांड्यात रशियाचा खटला चालू आहे! भेंडी विकणारे, दोर विकणारे, सगळे त्याला अडवू लागले.

"काय लखीराम, मॉस्कोचे साक्षीदार आले का?"

"येऊन राह्यले," लखीराम म्हणे. "पायी येतात. टाइम लागते."

सदाशिवरावांना मात्र हसू आलं नाही. महिन्याभराने दारव्ह्यात मोठा मेळावा होता. तीस तांड्यांची माणसं यायची होती, आणि त्यांच्यापुढे तीच पुस्तिका लखीरामने गोरबोलीत सांगावी असं ठरलं होतं. त्यानंतर त्याला तालुक्याचा कार्यकर्ता नेमायचं, एक सायकल द्यायची, हेही.

"तांड्याचं ठेव तांड्यात," ते म्हणाले. "मेळाव्यात तं बोलशील?"

"नाई भाऊ. दुसरी बाजू भेटल्याबिगर नाई."

"अरे, दुसरी बाजू म्हणजे दुश्मनाची बाजू!"

"असन. पण ते दुश्मन कोण होते, हे तुमाले तरी माहीत हाये का?"

मेळाव्यात पुस्तिका दुसऱ्या कुणीतरी हिंदीतून वाचली. सायकल महागावच्या कार्यकर्त्याला गेली.

लखीरामचं बोट रिकामं झालं. वर्तमानपत्र येई, तो घरात एकटा वाचे आणि घडी घालून ठेवी. साठ साली महाराष्ट्र राज्य झालं, ते पळसतांड्याला पंधरा दिवसांनी बाजारात कळलं. लोक चिडले, पण नियम मोडू या असं कुणी म्हणालं नाही. एके दिवशी भाकरी थापता थापता धनीबाई, त्याची बायको, म्हणाली, "सांगून द्या ना काईबी. म्हणा, त्यायच्या बायका आजारी होत्या म्हणून लढले. कोणाले समजते इथं?"

"अन् मंग मी आजवर जे वाचून दाखोलं, ते बी तसंच होऊन जाईन," तो म्हणाला. धनीबाईने पुन्हा कधी तो विषय काढला नाही. उलट तो यवतमाळला निघाला की ती भाकरी जरा जास्त बांधू लागली.

कारण तो यवतमाळला जाऊ लागला होता. पहाटे चार कोस चालत दारव्हा, तिथून छोट्या रेल्वेने यवतमाळ. पहिल्या वाचनालयात त्याला दारातूनच परत पाठवलं. दुसऱ्यात बसू दिलं, पण तांबोव हा शब्द कुणी ऐकला नव्हता. पोस्टकार्डं लिहिली, नागपूरला, मुंबईला. एकाचं उत्तर आलं: असा प्रांत आमच्या नकाशात आहे, अधिक माहिती नाही. ते कार्ड त्याने जपून ठेवलं. निदान मुलूख खरा निघाला होता. वाचनालयातल्या कारकुनाने शेवटी कंटाळून त्याला मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवणाऱ्या विमलताईंकडे धाडलं.

विमलताईंनी त्याचं बोलणं शेवटपर्यंत ऐकलं. त्या हसल्या नाहीत, आणि लगेच हो म्हणाल्या असंही नाही. सात महिन्यांनी, एकसष्टच्या मार्चमध्ये, त्यांचं कार्ड आलं. त्यांच्या भावाने नागपूरहून एक जाड इंग्रजी पुस्तक आणलं होतं. तांबोववर त्यात अकरा पानं होती.

शाळा सुटल्यावर, रिकाम्या वर्गाच्या व्हरांड्यात, त्या मराठीत सांगत गेल्या आणि लखीराम वहीत लिहीत गेला. लढाईच्या काळात सरकारने गावोगाव धान्य गोळा करायला हत्यारबंद तुकड्या पाठवल्या. आकडा वरून ठरलेला. त्या वर्षी पीक बुडालं होतं, आकडा तोच राहिला. खायचं नेलं. मग बियाणं नेलं. मग गावं उठली. हजारो कास्तकार जंगलात गेले. फौजेने त्यांची बायकापोरं ओलीस धरून छावण्यांत कोंडली. जंगलातून माणसं बाहेर पडावीत म्हणून विषारी धूर सोडायचा हुकूमही निघाला.

लखीरामची पेन्सिल थांबली होती. "अन् त्यायनं? त्यायनं कोणाले मारलं नाई?"

"मारलं. धान्य न्यायला आलेल्यांना पकडून फार वाईट रीतीने मारलं."

"ते बी सांगा."

"लखीरामभाऊ, तुम्हाला तर त्यांची बाजू हवी होती."

"बाजू म्हणजे पुरी बाजू, बाई. अर्धी आणून मी अडीच वर्सं मुका बसलो."

विमलताईंनी मागचं पान काढलं आणि तेही सांगितलं. शहरांत मजुरांना दिवसाला तुकडाभर पाव मिळत होता, हेही लखीरामने आपणहून विचारून लिहून घेतलं.

मे महिन्यात, शेतं रिकामी असताना, एका सकाळी कडुलिंबाखाली नसाब बसला. रशियाच्या सरकारची बाजू धरायला माणूस हवा होता. गुलाबसिंग नाईकाने सदाशिवरावांना निरोप पाठवला. ते येतील असं कुणालाच वाटलं नव्हतं. ते आले, छत्री घेऊन, दगडावर बसले आणि म्हणाले, "चला, पाहू द्या तुमचा खटला."

लखीरामने वही वाचली. मराठीत, मग गोरबोलीत. बियाण्याच्या ओळीपाशी पुरुषांत चुळबुळ झाली. ओलिसांच्या ओळीपाशी बायका पुढे सरकल्या. तुकडीतल्या माणसांना कसं मारलं तेही त्याने वाचलं, आवाज न बदलता. सदाशिवराव त्याच्याकडे पाहत राहिले. त्यांनी पाठवलेल्या पुस्तिकेत हे एवढं काहीच नव्हतं.

मग ते बोलले, आणि चांगलं बोलले. "चारी बाजूनं दुश्मन होता. शहरातल्या मजुराचं पोरगं उपाशी मरून राह्यलं होतं. ते बी गरिबाचंच लेकरू होय ना? धान्य नाई आणलं तं राज बुडते, अन् जुना राजा परत येते. मंग जमीन कोणाची राह्यते?" माना हलल्या. हे पटण्यासारखं होतं.

"धान्य नेलं ते समजलं," सुखीबाई म्हणाली. "बियाणं कायले नेलं?"

"लढाई होती, माय."

"लढाई सरल्यावर पेरणार काय होते?"

सदाशिवरावांनी छत्रीचं टोक मातीत रुतवलं. "याचं उत्तर माह्यापाशी नाई," ते म्हणाले. त्या सकाळी त्यांनी खोटं बोलायचं टाळलं, हे लखीरामने पुढे त्यांच्या विरोधकांनाही कित्येकदा सांगितलं.

नाईकाने निवाडा दिला. उपाशी पोरांसाठी धान्य मागणं सरकारचा हक्क. बियाण्याला हात लावणं हक्क नाही. बायकापोरं कोंडणं हा सरकारचा गुन्हा, पकडलेल्या माणसाला हालहाल करून मारणं हा गावकऱ्यांचा. पण तांबोववाले डाकू नव्हते. तो शब्द कागदावरून काढा. लखीरामने पुस्तिका मांडीवर ठेवून पेन्सिलने तो शब्द खोडला आणि वर लिहिलं, कास्तकार.

आता दंड. रीतीप्रमाणे हरलेल्या पक्षाची, म्हणजे इथे सरकारची, बाजू धरणाऱ्याने पाच शेर गूळ नसाबात वाटायचा.

"म्हणजे रशियाचा दंड मी भरू?" सदाशिवराव उभे राहिले. पुरुष हसायला लागले तसे ते आणखी लाल झाले. "लखीराम, तुले मी माणूस बनवाले निघालो होतो. उद्यापासून मंडळाचा कागद या तांड्यात येणार नाई." ते छत्री न उघडताच उन्हातून निघून गेले.

गूळ लखीरामने आणला, कारण ते भांडण तांड्यात त्यानेच आणलं होतं. लहानथोरांनी तो खाल्ला, आणि नाईकाने शेजारची घोंगडी पुन्हा सरकवली.

मंडळाने त्याचं नाव काढून टाकलं. वर्तमानपत्र बंद झालं. मग लखीराम दिवसाआड चार कोस चालून दारव्ह्याच्या वाचनालयात जाई, तिथे दोन वर्तमानपत्रं वाची, परत येऊन आठवणीतून सांगे. एकाच बातमीचं दोन्हींत वेगळं छापलं असेल तर दोन्ही. लोक कंटाळत. "अरे, खरं काय ते एक सांग ना!" तो सांगत नसे. वर्षभराने तांड्याने ज्वारी जमवून टपालाने येणारं स्वतःचं वर्तमानपत्र लावलं.

पासष्टच्या सुमारास ज्वारीची लेव्ही, म्हणजे सरकारला ठरलेला हिस्सा घालायची सक्ती, आली. मोजायला आलेल्या साहेबाला लखीरामने खाटेवर बसवलं, पाणी दिलं, सरकारला ज्वारी का हवी ते तांड्यापुढे नीट सांगायला लावलं. साहेबाने सांगितलं: मुंबईची गिरणी, रेशनची रांग. मग लखीरामने घराघरांतल्या बियाण्याच्या कणग्या दाखवल्या. "हे सोडून मोजा, साहेब." साहेबाने वाद घातला, कागद दाखवले. लखीराम पहिल्या कणगीला पाठ लावून उभा राहिला, त्याच्या शेजारी सुखीबाई, मग एकेक करत सगळा तांडा. कुणी आवाज चढवला नाही. तास-दीड तासाने साहेबाने ती ज्वारी सोडून मोजमाप लिहिलं. लखीरामने स्वतःच्या वाट्याची त्याच दिवशी घालून टाकली.

सदुसष्टच्या हिवाळ्यात त्याची छाती कफाने भरली. जिनातला कापूस कधीचा आत बसला होता. आठवडाभर तो खाटेवरून वाचत होता, आणि दाराशी लोक बसत. शेवटच्या सकाळी हात उचलेना, तेव्हा वर्तमानपत्र धनीबाईने धरलं. तालुक्यातल्या कुठल्याशा विहिरीच्या वादाची बातमी होती. एकाची तक्रार वाचून झाली, कागदाची कड आली. बाहेर कुणीतरी म्हणालं, बस आता, आराम करू द्या त्याले. लखीरामने डोळ्यांनीच धनीबाईला खुणावलं.

"पान पलटव, धने. राह्यलेलं मागं हाये."