गाडी ओढत नव्हती

आई गोव्यातल्या चोपडे गावी तिच्या घरात न्हाणीत घसरली आणि तिच्या खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झाल्यावर मी शाळेतून रजा घेतली आणि दीड महिना तिच्याजवळ जाऊन राहिले. माझी गाडी तेवढे दिवस घराच्या कडेला, भरतीचं खारं पाणी येणाऱ्या नदीच्या बाजूला उभी होती. तिच्याकडे बघायला मला सवडच झाली नाही. आईला उठवायचं, बसवायचं, संडासला न्यायचं, परत निजवायचं, एवढ्यातच दिवस संपत असे.

तपासणीला न्यायच्या दिवशी आईला कशीबशी पुढच्या सीटवर बसवलं आणि चावी फिरवली. नुसता टकटक आवाज झाला. मग तोही बंद झाला. शेजारी मासळी नेणारा एक टेम्पोवाला राहतो. त्याने आपल्या बॅटरीला वायरी जोडून गाडी चालू करून दिली. वाटेत एका दुकानात मी नवी बॅटरी बसवून घेतली. डॉक्टरची वेळ टळत होती, आई उन्हात गाडीत बसून कण्हत होती, आणि मी त्या बॅटरीवाल्याला सारखी म्हणत होते, "भाऊ, जरा लवकर."

त्यानंतर आईला मी हळर्णला माझ्या घरी आणलं. नवरा वास्कोला बंदरात कामाला असतो, तो रविवारचा येतो. त्यामुळे माझा दिवस असा ठरला : पहाटे आईचं सगळं आवरायचं, शेजारच्या बाईला तिच्यापाशी बसवायचं, डिचोलीच्या शाळेत जायचं, दुपारी परत. बुधवारी शाळा सुटली की घरी येऊन आईला म्हापशाला व्यायामासाठी न्यायचं.

पहिल्याच बुधवारी कोलवाळच्या पुलावर गाडी मेली. म्हणजे बंद पडली नाही, ओढेचना. मी पाय पूर्ण दाबला तरी इंजिन आपलं गुरगुरत राहिलं आणि काटा वीसच्या वर जाईना. समोर पिवळा दिवा लागला. मागून ट्रकवाले हॉर्न मारत होते. आई म्हणाली, "गे, बाजूक घे." बाजूला घ्यायला पुलावर जागा असती तर मी घेतली नसती का?

पूल संपल्यावर बंद करून पुन्हा चालू केली, तर गाडी जशी काही झालंच नाही अशी धावू लागली.

पेडण्याच्या बाजाराजवळ एक गॅरेज आहे. त्याचा मालक चाळिशीचा, सावकाश बोलणारा माणूस. त्याने नवी बॅटरी बघितली, बिघाड दाखवणारं यंत्र जोडून बघितलं आणि म्हणाला, "बॅटरी मेली की गाडी जुनं शिकलेलं विसरते. थ्रॉटलमध्ये, म्हणजे हवा सोडणाऱ्या झडपेत, काजळी असते, ती धरून हवा किती घ्यायची ते गाडी शिकलेली असते. साफ करून देतो, पुन्हा शिकवतो." साफ केलं. तीन दिवस बरे गेले. चौथ्या दिवशी अस्नोड्याच्या चढावर पुन्हा तेच, आणि आता खिडकीची काचही अर्ध्यावर थांबायला लागली. घड्याळ आपोआप बारावर जायचं. एकदा पाऊस नसताना वायपर फिरले.

दुसऱ्या खेपेला त्याने थ्रॉटलचा अख्खा भाग बदलला. आठवडा गेला, आणि पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला तो म्हणाला, आता पायाखालच्या पेडलचा सेन्सर बदलून बघूया. त्या दिवशी आईने सकाळी खाण्याचं ताट दूर सरकवलं होतं, शाळेत मुख्याध्यापिका रजेवरून बोलल्या होत्या, आणि गाडी त्याच्याकडेच असल्यामुळे मी रिक्षा करून गॅरेजमध्ये आले होते. चार गिऱ्हाइकं उभी होती. त्यांच्यासमोर मी म्हणाले, "बघूया म्हणजे काय? तुम्हांला कळत नसेल तर तसं सांगा. माझ्या गाडीवर शिकताय का?"

हातातलं फडकं त्याने बोनेटवर ठेवलं. मग हळूच म्हणाला, "बाई, दुसरीकडे दाखवा तुम्ही. मला सापडत नाही आहे."

मी गाडी घेऊन निघाले. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला बरं वाटलं होतं. घरी पोचेपर्यंत ते बरं वाटणं ओसरलं.

पुढचे पंधरा दिवस मी तशीच गाडी चालवली. एसी नाही, नुसता पंखा, गाणी नाहीत, चढावर पाय अलगद ठेवायचा. शाळेत मुलांचं जेवण बनवणाऱ्या बाईंना एकदा हे सगळं सांगितलं, सहज, भांडी उचलताना. त्यांचा नवरा पूर्वी खाणीवर ट्रक चालवायचा. त्या म्हणाल्या, "आमच्या ट्रकांचं वायरिंग करणारा होता एक, बेळगावकडचा. खाणी बंद पडल्या तेव्हापासून डिचोलीतच बसतो. त्याच्याकडे न्या."

बुधवार होता, आणि आईही बरोबर होती. त्या दिवशी शेजारच्या बाईला लग्नाला जायचं होतं, तेव्हा सकाळी मी आईला शाळेतच घेऊन गेले आणि स्टाफरूममध्ये बसवलं. शाळा सुटल्यावर दोघी त्या इलेक्ट्रिशियनकडे गेलो. पत्र्याचं छप्पर, एक बाकडं, भिंतीला वायरींची वेटोळी. माणूस साठीचा असावा. त्याने बोनेट उघडलंच नाही. बाहेरच उभा राहून विचारलं, "कवा होतंय ते सांगा बघू. चढाला? गरम झाल्यावर? का कवाबी?"

"कधीही होतं," मी म्हणाले. "काही नेम नाही."

"नेम आसा," आई सीटवरून म्हणाली.

मी वळून बघितलं. आई समोर बघत होती. "पंखो लायलो आनी वळपाचो दिवो लायलो की गाडी कुथता. पंखो बंद केलो की जरा बरी जाता. दर बुधवारा पळयता मी. हिला सांगून काय उपेग, ही ऐकता खंय?"

माझा चेहरा उतरला. पंखा आणि वळायचा इंडिकेटर लावला की गाडी कुंथते, हे तिने हेरलं होतं; दर बुधवारी ती खरंच म्हणायची, तो पंखो बंद कर गे. मला वाटायचं, तिला गार लागतं.

इलेक्ट्रिशियन मात्र खूश झाला. "म्हातारबाईंनी अर्धं काम केलं की ओ," तो म्हणाला. "जितकं सामान चालू करावं तितकी गाडी दमत्या. म्हंजे करंट जातोय, पर माघारी यायला वाट न्हाई."

त्याने मीटर आणला. मला गाडी चालू ठेवून हेडलाइट, पंखा, मागच्या काचेचा हीटर सगळं लावायला सांगितलं. मीटरची एक पिन बॅटरीच्या वजा टोकाला लावली, दुसरी इंजिनाच्या लोखंडाला. मला बोलावून दाखवलं. "हितं शून्याच्या जवळपास यायला पायजे. दीड व्होल्ट यायलंय." मग एक जाड वायर त्याने बॅटरीपासून थेट इंजिनाला धरली. थरथरणारं इंजिन लगेच शांत झालं. वायर काढली, पुन्हा थरथर. परत धरली, पुन्हा शांत. तीन वेळा त्याने ते करून दाखवलं.

बॅटरी आणि तिच्याखालचा ट्रे काढल्यावर करंट बॅटरीकडे माघारी नेणारी, तारांची विणलेली अर्थिंगची पट्टी दिसली. तिची हिरवी पूड झाली होती. दोन-चार तारा तेवढ्या शाबूत होत्या. "खाऱ्या वाऱ्यात हुबी होती काय गाडी?" त्याने विचारलं.

आणि तेव्हा मला तो बॅटरीवाला आठवला. उन्हात वाकून तो म्हणाला होता, "बाई, ही अर्थिंगची वायर कुजली आहे, उद्या या, बदलून देतो." आणि मी मान डोलावून म्हणाले होते, नंतर बघते. ते माझ्या कानांवरून गेलं होतं की मी ऐकून सोडून दिलं होतं, ते आता सांगता यायचं नाही. मी ते कुणाला सांगितलं नव्हतं हे मात्र खरं. गॅरेजवाल्यालाही नाही.

इलेक्ट्रिशियनने पॉलिशपेपरने लोखंड घासून नवी जाड पट्टी बसवली. मग म्हणाला, "आता कशाला हात लावू नका. पाय तर अजिबात नको. इंजिनाचा पंखा दोनदा फिरून बंद होऊ दे. तिला तिचं तिचं शिकू दे." दहा-पंधरा मिनिटं आम्ही तिघं त्या इंजिनाचा आवाज ऐकत बसलो. तो बाकड्यावर, आई सीटवर, मी पायरीवर. आई पडल्यापासूनच्या तीनेक महिन्यांत काही न करता बसण्याची ती माझी पहिलीच वेळ असावी.

दोन दिवसांनी मी पेडण्याच्या गॅरेजमध्ये गेले. गाडीचा चढावर कस लागला होता, शंका उरली नव्हती. तो एका जीपखाली होता. बाहेर येईपर्यंत मी उभी राहिले. काय झालं होतं ते सांगितलं, बॅटरीवाल्याचंही सांगितलं, आणि म्हणाले, "त्या दिवशी मी चारचौघांत बोलले ते चुकलं."

त्याने हात पुसले. "वायर कुठची? ट्रेखालची?"

"हो."

"मी ती बघायला हवी होती," तो म्हणाला. "यंत्रावर लो व्होल्टेज दाखवत होतं. नवी बॅटरी आहे म्हणून मी ते धरलंच नाही." फडकं खांद्यावर टाकून म्हणाला, "वाईट वाटलं होतं मला. जेवलो नव्हतो त्या दिवशी." मग त्याने आईची चौकशी केली. चहा घ्या म्हणाला, पण चहा काही मागवला नाही, आणि मीही थांबले नाही. आमचं मिटलं की नाही हे मला आजही नीट ठाऊक नाही. गाडी सर्व्हिसिंगला मी त्याच्याकडेच नेते.

आईचा पाय पूर्ण सरळ झाला नाही. काठी घेऊन ती अंगणापर्यंत जाते, आणि चोपड्याला परत कधी सोडणार म्हणून रोज विचारते.

वायर बदलल्यानंतरच्या पहिल्या बुधवारी गाडी कुठेच अडली नाही. मी नेहमीसारखी अडण्याचा वेळ धरून निघाले होते, त्यामुळे म्हापशाला पाऊण तास आधी पोचलो. व्यायामाच्या जागेचं दार बंद होतं. मी गाडी सावलीला लावली, सीट मागे केली. आईने पंखा लावायला सांगितला. मी लावला. जरा वेळाने दार उघडणाऱ्या बाईने काचेवर टकटक केलं तेव्हा कळलं, आम्हां दोघींनाही गाढ झोप लागली होती.