झुरळांनी खाल्लेलं नाव

जगात न्याय नाही ही गोष्ट बहुतेकांना पोराबाळांची लग्नं करताना कळते. आमच्या साडूंना ती अडीच मिनिटांच्या एका इंग्रजी गाण्यातून कळली आणि पुढची वीस वर्षं त्यांनी कोणालाच स्वस्थ बसू दिलं नाही. साठ-एकसष्टच्या सुमारास अजनीच्या रेल्वे कॉलनीतला एक अँग्लो-इंडियन इंजिन ड्रायव्हर सामानसुमान विकून ऑस्ट्रेलियाला निघाला, तेव्हा साडूंनी त्याच्याकडून एक ग्रामोफोन आणि एकच तबकडी घेतली. तबकडीच्या मधल्या कागदाला झुरळं लागलेली. गाण्याचं नाव, गाणाऱ्याचं नाव, सगळं खाऊन टाकलेलं. पोस्टात सॉर्टिंगला बसून दिवसभर हजारो नावं वाचणाऱ्या या माणसानं भक्ती केली ती नेमकी बिननावाच्या गायकाची.

त्यांचं म्हणणं असं, की रॉक अँड रोल म्हणून जगात जे काही वाजतं ते या माणसानं सुरू केलं, आणि केसांचा कोंबडा काढणाऱ्या त्या जगप्रसिद्ध गायकानं ते उचलून आपल्या नावावर खपवलं. पुरावा काय, तर ठेका. सक्करदऱ्याच्या घरात त्यांच्या वडिलांचा हातमाग होता. तबकडी लावली की साडूंचे पाय मागाच्या पावड्या दाबल्यासारखे हलू लागत, आणि आडवा धागा नेणारा धोटा जाऊन परत यायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यातच ती गिटार वळते, असं ते शपथेवर सांगत. कोंबडेवाल्याचं एकही गाणं त्यांनी कधी ऐकलं नाही. चोरीचा माल आपण घरात घेत नाही, एवढंच कारण. मला तर सगळी इंग्रजी गाणी सारखीच वाटत, पण वाद घालायला गाणं समजलंच पाहिजे असं कुठे आहे? दर रविवारी मी जाई आणि विचारी, ज्याचं नावच ठाऊक नाही त्याचा प्रभाव कसला?

काटोलला माझ्या पुतणीच्या लग्नात बँडवाल्यांनी एक चालू फिल्मी नाचगाणं धरलं. साडू वरातीच्या मधोमध उभे राहिले आणि हे गाणं कोणाचं, म्हणून क्लॅरिनेटवाल्याला विचारू लागले. त्यानं मुंबईच्या कोणा संगीतकाराचं नाव घेतलं. मग काय, साडूंनी झुरळांपासून सुरुवात केली. पाऊण तास वरात उन्हात. नवरदेवाची घोडी शेजारच्या गाडीतली संत्री सालीसकट खाऊ लागली, आणि माझा सख्खा भाऊ मला म्हणाला, "यायले आवर गा, नाही तर मी पंगतीले बसू देत नाही." साडू खरोखरच उपाशी परतले, पण क्लॅरिनेटवाल्यानं मान हलवली म्हणून खूश होते. नंतर त्यांनी या अन्यायावर वर्तमानपत्राला पत्र पाठवलं. ते छापूनही आलं; फक्त खाली त्यांचं नाव टाकायचं राहून गेलं.

एकदाच मी जास्त ताणलं. नाव दाखवा, लगेच मानतो, म्हणालो. साडू उठले, पेटीतून एक जुनं लुगडं काढलं आणि त्याचा बारीक लाल-काळा काठ माझ्या मांडीवर पसरला. त्यांचा आवाज पहिल्यांदाच खाली आलेला ऐकला. "हा काठ माझ्या बापानं काढला, साडूभाऊ. दुकानदारानं त्याले आपलं नाव देल्लं. अख्ख्या विदर्भात त्याच्याच नावानं गेला. बापाचं नाव रेशन कार्डावर राह्यलं, तेवढंच." मीही कोष्ट्याचाच मुलगा आहे. मी लुगड्याची घडी घातली आणि दोन्ही हातांनी त्यांना परत दिली.

पण खोड जाते थोडीच? पुढे एकदा, घरी ऐकतो म्हणून मी ती तबकडी मागून नेली, आणि सदर भागात पियानो शिकवणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईंकडे घेऊन गेलो. दोन ओळी ऐकून त्या हसल्या. कपाटातून त्यांनी तीच तबकडी काढली, कागद शाबूत असलेली. दोन्ही तबकड्यांवर कोरलेला आकडाही जुळला. गाणारा होता तोच, कोंबडेवाला! साडू वीस वर्षं चोराचीच आरती करत होते. जिंकल्याच्या आनंदात मी सायकल हाणत सक्करदऱ्याला पोचलो.

साडू दारातच उभे होते. दोन्ही हातांनी त्यांनी तबकडी घेतली आणि तशाच लाल-काळ्या काठाच्या लुगड्याच्या एका मऊ तुकड्यानं पुसू लागले. माझ्या तोंडून निघालं, "साडूभाऊ, तुमचंच बरोबर आहे."

ते भडकले. "आता काहून मानून राहिले? नाव भेटलं का तुमाले? नाही ना? मग मले दया नको." दोन रविवार ते माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या रविवारी मी गेलो आणि बसण्याआधीच म्हणालो, "नाव नाही तर प्रभाव नाही." त्यांचा चेहरा लालबुंद झाला. आत वळून बायकोला म्हणाले, "चहा ठेव वं, हे आले."

आता साडू नाहीत. तबकडी माझ्याकडे आहे. मधली जागा कोरी बघवेना, म्हणून मी तिथे कागद डकवून त्यांच्या वडिलांचं नाव लिहिलं आहे. ते चूक आहे, हे माझ्याइतकं कोणालाच ठाऊक नाही. कोणाला पटत नसेल त्यानं रविवारी यावं. मी घरीच असतो.