भाऊ, गाडी थांबवा

प्रोस्टेटच्या कॅन्सरचं ऑपरेशन झाल्यापासून ह्यांना लघवी धरवत नव्हती. अमरावतीला तपासणीला जायचं म्हटलं की हे सकाळपासून पाण्याला शिवत नसत. परतीच्या अकोला बसमध्येही भरलेली बाटली माझ्या मांडीवर तशीच होती.

बडनेरा सुटल्यावर पुढच्या सीटवरची बाई उठली. दवाखान्यात तीही नवऱ्याला घेऊन आमच्याच रांगेत बसली होती. दांड्यावर बांगड्या वाजवत ती ओरडली, "भाऊ, गाडी थांबवा! मले लघवीले लागली!"

कॉलेजची पोरं फिदीफिदी हसली. बस थांबली. तिच्यामागून नवरा उतरला आणि बाभळीआड गेला. ती मात्र पदर सावरत दाराशीच उभी.

परत आली तेव्हा मी बघतेय हे तिनं ओळखलं. हळूच म्हणाली, "मले हसले तं हसू बसमंदीच राह्यते बाई. ह्यायले हसले तं हे घराच्या बाहीर निंगत नाई."

मूर्तिजापूर मागे पडलं. ह्यांनी माझं मनगट धरलं. मी उठले.

"भाऊ, गाडी थांबवा! मले लघवीले लागली!"

पुन्हा चढून बसल्यावर ह्यांनी आपणहून बाटली मागितली.