रिकामी बरणी

अमेरिकेत, एडिसनला आमच्या बिल्डिंगसमोरच्या बाकावर एक गोरे आजोबा रोज बसतात. क्रोएशियाचे आहेत. मला इंग्रजी येत नाही आणि परक्याशी बोलायची लाजही वाटते, पण त्यांना बोलायची गरजच पडत नाही. ते पायातला बूट काढून दाखवतात, मग छत्रीची मूठ दाखवतात आणि छातीवर हात ठेवतात. सगळं त्यांच्या देशात बनलेलं.

एकदा त्यांनी मला तिकडून आलेला अंजिराचा जॅम दिला. आपण कुणाचं भांडं रिकामं परत करत नाही, म्हणून मी बरणी धुऊन तिच्यात चिवडा भरून दिला. त्यांनी कपाळाला हात लावला. पुन्हा जॅम आला, मी शंकरपाळे भरले. तेव्हा ते माझ्या सुनेला तावातावाने काही सांगू लागले.

सुनेला हसू आवरेना. "आई, ते म्हणतायत, आमचा देश छोटा, बाहेरून माल घेतो जास्त आणि विकतो कमी. निदान या बाकावर तरी आमचा एक्स्पोर्ट जास्त होईल म्हटलं, तर या बाई लगेच इम्पोर्ट करायला लावतात! एकदा तरी बरणी रिकामी द्या, प्लीज."

"बरं दिसतं का ते?" मी म्हटलं.

पण त्यांचं तोंड खरंच उतरलं होतं. म्हणून जॅमची तिसरी बरणी काल मी रिकामी नेली. त्यांनी ती हलवून पाहिली, कानाला लावली आणि उभं राहून मला सलाम ठोकला.

बुडाच्या ओलाव्याला चिकटलेली माझी चिमूटभर साखर त्यांना दिसली नाही.