नव्या टायरबद्दल मी काय सांगितलं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तिला एवढंच ठाऊक आहे, की नवे टायर घालून कुणी आमच्या दुकानातून निघालं की मी मागोमाग रस्त्यापर्यंत जातो आणि गाडी दिसेनाशी होईपर्यंत उभा राहतो. तिला ते कामावरचं प्रेम वाटतं. तुम्हांला काय वाटेल — ऐकल्यावर ठरवा.

धाराशिवात माझं मोटारसायकल दुरुस्तीचं दुकान. महाराष्ट्र राज्य होऊन दोनेक वर्षं झाली असतील, तेव्हाची गोष्ट. गावात मोटारसायकली सात-आठच. त्यातली एक गुरांच्या डॉक्टरांची. दिगंबरराव त्यांचं नाव. जनावरांना लस टोचायला रोज खेड्यापाड्यांत जायचे. आम्ही एकाच वयाचे, पण त्यांनी मला कधी अरेतुरे केलं नाही. “मिस्त्री, तुम्ही बघा,” म्हणायचे आणि गाडी सोडून निर्धास्त निघून जायचे.

निर्धास्त.

त्यांच्या गाडीचे टायर पार गुळगुळीत झाले होते. नवे मिळणं तेव्हा सोपं नव्हतं. दोन महिने वाट पाहिल्यावर सोलापूरहून जोडी आली. ती मी एका सकाळी चढवली.

आता मला काय माहीत होतं, ते सांगतो. नवा टायर साच्यातून निघतो तेव्हा त्याच्यावर मेणासारखा पातळ थर असतो. तो रस्त्यावर घासून जाईपर्यंत टायर धरत नाही. हैदराबादेत ज्यांच्या हाताखाली मी काम शिकलो, त्या उस्तादांनी हे माझ्याकडून घोकून घेतलं होतं. आधी साबणानं धुवायचं, वाळूनं घासायचं. पहिले साठ-सत्तर मैल सावकाश. वळणावर गाडी झुकवायची नाही, ब्रेक एकदम दाबायचा नाही. म्हणजे माहीत नव्हतं असं काही नाही. सगळं माहीत होतं.

आणि मी काय केलं? त्या सकाळी दुकानासमोर चार-पाच माणसं जमली होती. नवी जोडी बघायला. शेजारचा शिंपीही येऊन बसला होता. कुणीतरी म्हणालं, “लई झ्याक दिसायलेत.” मला चेव चढला. मी तेलाचा बोळा घेतला आणि दोन्ही टायर पुसून काढले — नुसत्या कडा नाहीत, रस्त्याला लागणारी नक्षीसुद्धा. काळे कुळकुळीत चमकायला लागले. लोक बघत राहिले, मी आणखी पुसत राहिलो.

तेवढ्यात डॉक्टर आले. येडशीच्या बाजूला एका गावात बैल दगावायला लागले होते, त्यांना घाई होती. टायर बघून हसले, म्हणाले, “मिस्त्री, गाडी नवरदेव केलीत.” तेव्हाच बोलायला हवं होतं. एक वाक्य. हळू जा, टायरला तेल लागलंय. पण ते म्हणायचं म्हणजे सगळ्यांसमोर बोळा माझ्याच तोंडावर फिरवण्यासारखं होतं. मी गप्प बसलो. त्यांनी किक मारली आणि गेले.

दुपारी निरोप आला. येडशीच्या अलीकडच्या वळणावर शेरडं आडवी आली, त्यांनी ब्रेक दाबला, मागचं चाक सरकलं आणि ते गाडीसकट मोरीच्या दगडावर आदळले. धनगरांनी बैलगाडीत घालून येडशीला आणलं, तिथून सोलापूरच्या दवाखान्यात नेलं. गाडी माझ्या दुकानात आली. मी पहिलं काम काय केलं असेल? दार लोटून घेतलं आणि ते टायर साबणानं धुतले. दोनदा.

तिसऱ्या दिवशी सोलापूरला गेलो. गुडघ्याचा चुरा झाला होता, डोक्याला मार होता, आणि अपघाताच्या दिवसाचं त्यांना काहीच आठवत नव्हतं. हे ऐकून मला — खरं सांगतो — हायसं वाटलं. व्हरांड्यात वहिनी बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, “मिस्त्री, नव्या टायरवर गाडी घसरते म्हणतात. तुम्ही ह्यांना काही बोलला होतात का?”

त्या जाब विचारत नव्हत्या. नुसतं विचारत होत्या. मी म्हणालो, “व्हय वहिनी. सांगितलं होतं, हळू जावा म्हणून.”

त्यांनी डोळे मिटले. “ऐकतच नाहीत कुणाचं,” म्हणाल्या.

पुढं कित्येक महिने मला त्या शिंप्याची धास्ती होती. तो तिथंच बसला होता ना? एक दिवस तो चारचौघांत म्हणाला, “मिस्त्रीनं सांगितलं असंलच, आपलं ध्यान नव्हतं.” तेव्हा मला कळलं, की आता मला कुणीच पकडणार नाही. त्यानं धास्ती गेली का? उलट वाढली.

डॉक्टरांचा गुडघा कायमचा ताठ राहिला. खेडोपाडी फिरणं सुटलं, कचेरीत कागदांपुढं बसवलं त्यांना. जनावराच्या अंगावर हात ठेवून ताप सांगणारा माणूस. घरी वहिनी येता-जाता म्हणायच्या, मिस्त्रींचं ऐकलं असतं तर. आणि ते स्वतः काय करायचे, माहीत आहे? गावात कुणी नवे टायर घेतले की माझ्याकडं पाठवायचे. म्हणायचे, “ते सांगतील तसं करा. मी ऐकलं नाही.” माझं नाव झालं, ते असं.

नोकरी संपल्यावर ते मुलाकडं राहायला निघाले. जाण्याच्या आदल्या दिवशी काठी टेकत दुकानात आले. बाकावर बसले. मग म्हणाले, “मिस्त्री, त्या सकाळचं मला आजवर काही आठवलं नाही. तुम्ही मला नेमकं काय सांगितलं होतं? एकदा ऐकायचंय.”

आणि मी सांगितलं. वळणावर झुकवू नका. ब्रेक एकदम दाबू नका. साठ-सत्तर मैल सावकाश. एकेक गोष्ट, न अडखळता.

ते मान खाली घालून ऐकत होते. “इतकं नीट सांगितलं होतंत तुम्ही,” म्हणाले. “मीच कसा गेलो असेन तसा?”

काठी घेऊन ते उठले, मी त्यांना पायरी उतरायला हात दिला. पुढच्या वर्षी ते गेल्याचं कळलं.

ते विचारायला आले त्या दिवशी दुकानात तिसरं कुणीही नव्हतं.