गिरणेतल्या बेटावरचे पाहुणे

जळगावात बी.कॉम.ला होतो तेव्हा जगातले सगळे प्रश्न मला सुटत. घरचा एक तेवढा राहिला होता. भडगावजवळच्या आमच्या शेतीत दोन भावांचं भागेना, म्हणून धाकटे काका, आमचे नाना, सुरतेला कापडाच्या कारखान्यात जायला निघाले होते. काकीला ते नको होतं. ती बोलत नसे. भांडी आपटत असे.

दिवाळीच्या सुटीत मी नानांना व्याख्यानच दिलं. समुद्रातली इवली इवली बेटं नुसती पर्यटकांवर जगतात. आपल्या शेतासमोर गिरणेच्या पात्रात बेट आहेच!

"भाऊ, तठे बाभळीशिवाय काय शे?"

"भरीत!" मी म्हणालो.

झालं. होडी आली, कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजली जाऊ लागली, आणि मी माझ्या दिव्य अक्षरात 'पर्यटन केंद्र' अशी पाटी रंगवली. लोकही आले. पाचोऱ्याहून, पहूरहून, थेट धुळ्याहून. पण नाना होडीतून उतरणाऱ्याला हात देता देताच विचारायचे, "कोन गावना?" पुढच्या दोन वाक्यांत तो कुणाचा तरी साडू नाहीतर मावसभाऊ निघायचा. मग पाहुण्याकडून पैसे कसले घेता?

"गाव विचारूच नका," मी सल्ला दिला. नाना एक अख्खी सकाळ गप्प बसले. त्या दिवशी पाहुण्यांनीच त्यांचं गाव विचारलं.

"बठ्ठा आपलाच निघनात," नाना हताश होऊन म्हणाले.

सुटी संपली तरी मी दर रविवारी जळगावहून येत होतो. अखेर संक्रांतीच्या सुमारास विदर्भातून बदलून आलेलं एक जोडपं आलं. नानांनी खोदखोदून विचारलं. काही म्हणता काही नातं निघेना. त्यांचा चेहरा खुलला. काकी हळूच म्हणाली, "आते तरी पैसा ल्या."

बाई चुलीपाशी काकीला टेकूनच बसली. तिखटानं गळणारं नाक पुसत म्हणाली, "अक्का, आई गेल्यापासून असं कुणी आग्रह करून वाढलं नव्हतं."

निघताना नवऱ्यानं पाकीट काढलं. नानांनी काकीकडे पाहिलं. काकीनं ते पाकीट परत त्याच्या खिशात कोंबायला लावलं आणि बाईची ओटी भरली. नारळ कुठला असणार तिथं? वांग्यांनीच भरली.

होडी लांब गेल्यावर ती नानांना म्हणाली, "माहेर करीसनी चालनी ती. तिनापाशीन पैसा लेतस का कोनी?"

त्याच आठवड्यात नानांनी सुरतेची गाडी धरली.

पुढच्या रविवारी काठावर पुन्हा माणसं उभी. मी, व्यवस्थापक या नात्यानं, बेट बंद झाल्याचं सांगायला निघालो.

"मग लोक उपाशी जातीन का?" काकी म्हणाली आणि काड्या पेटवायला बसली. काड्या ओल्या होत्या, धूर फार झाला. तिच्या डोळ्यांतलं पाणी बघून कुणालाच काही विचारावंसं वाटलं नाही.